मुलगा १८ वर्षांचा झाला. आता कायदेशीर पालकत्व कसे घ्यावे?

बौद्धिक अक्षमता असलेले लेकरू १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या लेखी ते सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. घरात काहीच बदलत नाही, म्हणून हे बहुतेकांना ठाऊकच नसते. मग बँकेत अडते, नाहीतर भावकीत वाटणी निघते आणि हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला जातो. हे काम आपले हातपाय चालत असतानाच करून घ्या.

आधी निदान पाहा. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांना १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा लागू होतो. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराची वाट वेगळी आहे. तिथे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्ण स्वतःच साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर युडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करा. नागपुरात तपासणी मेडिकल, मेयोसारख्या सरकारी रुग्णालयात होते.

पालकत्वाचा अर्ज राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात, म्हणून चौकशीला सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातच जा. अर्ज 'नमुना अ'मध्ये भरतात. पालक म्हणून आई-वडील स्वतःचे नाव देऊ शकतात, किंवा विश्वासातल्या दुसऱ्या कोणाचेही. समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची खरेच गरज आहे का, आणि असल्यास नेमकी कशासाठी.

या दुसऱ्या प्रश्नावर मन लावून लिहा. 'त्याला काहीच समजत नाही' असे एका ओळीत उरकू नका. तो अन्याय आहे. दूध आणतो, ओळखीच्या रस्त्याने एकटा जातो, कोणते कपडे घालायचे ते स्वतः ठरवतो, पण दस्तऐवज वाचता येत नाही आणि कोणी म्हटले की एटीएमचा पिन सांगून टाकतो, असे खरे खरे लिहा. पालकत्व बँकेपुरते आणि मालमत्तेपुरते लागत असेल तर तेवढेच मागा. जे निर्णय तो घेऊ शकतो, ते त्याचेच राहू द्या.

नेमणूक झाल्यावर ६ महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते. पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यापासून ३ महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, हिशेब द्यायचा. पासबुक भरून घ्या, औषधांची बिले एका फाइलीत ठेवा.

कोणी त्याला कोंडून ठेवत असेल, मारत असेल, त्याचे 'संजय गांधी निराधार'चे पैसे परस्पर काढत असेल तर गप्प बसू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ खाली शेजारीसुद्धा कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सुटका, सुरक्षित निवारा आणि पोटगी यांचे आदेश ते देऊ शकतात. नेमलेला पालकच छळत किंवा लुबाडत असेल तर नातेवाईक स्थानिक स्तर समितीकडे तक्रार करू शकतात. समिती त्याला काढू शकते.

वकिलाच्या खर्चाची भीती नको. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा.