पहिली पॉइंट टू-टू घेण्याआधी

पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच नळीची नेमबाजीची रायफल बघायला निघण्याआधी एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर हातात एकूण पैसे किती तो आकडा लिहा आणि त्याच्याखाली लिहा की यातले निम्मेच रायफलचे. उरलेल्या निम्म्यात काडतुसं, नेम धरायची साइट, हाताला अडकवायचा पट्टा म्हणजे स्लिंग, साफसफाईचा गज आणि कुलपाचं कपाट बसवायचं आहे. हे ऐकून बहुतेक जण हसतात. म्हणून तिथेच हिशेबही मांडा. आठवड्यातून तीनदा रेंज, दर वेळी साठ मोजायच्या गोळ्या आणि नेम जुळवायला वीसेक अंदाजाच्या, म्हणजे आठवड्याला २४० आणि महिन्याला जवळपास हजार. एका काडतुसाचा तुमच्या शहरातला भाव या हजाराने गुणा. आलेला आकडा बघून पुष्कळांचा चकचकीत रायफलचा मोह त्याच बैठकीत उतरतो. मी हा गुणाकार पैसे देऊन झाल्यावर केला होता, त्यामुळे घरी नवी रायफल आणि दोन महिने गोळी न भरता नुसता कोरडा सराव, अशी माझी सुरुवात झाली.

दुसऱ्या पानावर एकच प्रश्न लिहा, ही रायफल नक्की कशासाठी? १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून रेंजवर येणारे पालक थेट "तसलीच रायफल" मागतात. त्याला पदकापर्यंत पोचायला किती वर्षं लागली हे कुणी विचारत नाही. तुमचं मूल अजून दहा मीटरच्या एअर रायफलवर स्थिरावलं नसेल तर ही वही सहा महिन्यांसाठी कपाटात ठेवा. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल विनापरवाना घेता येते, छर्रे स्वस्त असतात आणि श्वास, चाप, मांडी, कोपर हे सगळं तिच्यावरच शिकायचं असतं. पॉइंट टू-टू ही त्यापुढची पायरी. त्या पायरीवरही पहिले काही महिने क्लबची रायफल वापरावी, हे माझं ठाम मत आहे. दोन-तीन वेगवेगळ्या रायफली खांद्याला लागल्याशिवाय आपल्याला काय हवं ते कळतच नाही.

आता कागद. परवाना आधी आणि रायफल नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही. परवान्याशिवाय "नुसती बघायला" म्हणून रायफल घरी आणणं हासुद्धा गुन्हाच. पॉइंट टू-टू बिगर-प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवान्यावर घेता येणाऱ्या गटात येते. परवाना जिल्हाधिकारी देतात आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त. सर्वसाधारण परवान्याला वय २१ पूर्ण लागतं. त्याखालच्या नेमबाजांसाठीची तरतूद वेगळी आहे, ती क्लबच्या सचिवांकडून समोर बसून समजून घ्या. फाइलमध्ये क्लबचं सभासदत्व, स्पर्धांची प्रमाणपत्रं, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र कुठे ठेवणार त्याची माहिती, सगळ्याच्या तीन-तीन प्रती ठेवा. जुनी रायफल एखाद्या परवानाधारकाकडून घेणार असाल तर विकणाऱ्याला किमान ४५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. हे दीड महिने विसरून लोक राज्य स्पर्धेच्या तोंडावर सौदा करतात आणि मग हात चोळत बसतात. परवान्यावर काडतुसांची मर्यादा किती लिहून आली आहे तेही लगेच वाचा, कारण महिन्याला हजार लागणाऱ्या माणसाला पन्नासाची मर्यादा काय कामाची?

रायफल बोल्ट अॅक्शनचीच घ्या, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची. ती का, यावर फार बोलायला नको. ५० मीटरच्या सामन्यात एका वेळी एकच काडतूस भरायचं असतं. भाग कमी असतात, आणि बोल्ट उघडा आहे की बंद हे रेंजवर दहा फुटांवरूनही दिसतं.

बाजारात समोर काय येईल तेही आधी माहीत असू द्या. एनसीसीत पालथं पडून जिच्यावर पाच गोळ्या मारल्या ती डिलक्स अनेकांना आठवत असेल. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची स्पोर्टिंग रायफल साधारण त्याच जातीची. नेम शिकायला ठीक, पण चाप जड असतो आणि खांद्याला टेकवायचा कुंदा कमी-जास्त करता येत नाही. जुन्या चेकोस्लोव्हाकियातली ब्रनोची मॉडेल २ आपल्याकडे बऱ्याच घरांत आजोबांच्या परवान्यावर पडून असते. तिची नळी चांगली राहिली असेल तर कमी पैशात तिच्यासारखी दुसरी मिळणं कठीण. स्पर्धेसाठीच घ्यायची तर जर्मनीच्या अँशुट्झची १९०३ शोधा. १९०३ आणि १९१३ ही मॉडेलची नावं आहेत. एका काकांनी १९०३ सालची रायफल एवढी नवी कशी, म्हणून विक्रेत्याशी भांडण काढलं होतं. १९१३ ची यंत्रणा जड आणि महाग, १९०३ ची हलकी आणि स्वस्त, पण जिल्हा-राज्य पातळीवरच्या माणसाचा दहाचा ठोका १९०३ मुळे चुकत नाही. कुंद्याचा रंग, अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावरचे पंधरा स्क्रू हे सगळं नंतर बदलता येतं. पैसे नळीला द्यायचे, नटण्याला द्यायचे नाहीत.

बघायला जाताना पिशवीत काय असावं? छोटी बॅटरी, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, पांढरा कागद, मोजपट्टी, दोन-तीन डमी काडतुसं, आणि जमलं तर तुमच्याहून जास्त अनुभवी असा एक शांत माणूस. उत्साही मित्राला नेऊ नका. रायफल हातात आली की नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोल्ट उघडा आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघून पुन्हा करंगळीने चाचपा. मालक "रिकामी आहे" म्हणाला तरी हे करायचंच. तो रागावला तर तिथून उठा, तिच्यात काय बिघाड असेल ते त्याने बघितलेलंच नसणार.

मग बोल्ट बाहेर काढा, नळीच्या तोंडासमोर पांढरा कागद धरा आणि मागून नळीत बघा. आतले पिळाचे आटे धारदार आणि एकसारखे दिसले पाहिजेत. काळे ठिपके दिसले तर तो गंज. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली रायफल असेल तर दोनदा बघा. तिथे पावसाळ्यात स्पंजाच्या पेटीत बंद करून ठेवलेली रायफल आतून सडते आणि बाहेरून आरशासारखी राहते. आता कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या कडेवरून आतून बाहेर हलकेच ओढा, चारी बाजूंनी. कापसाचा तंतू कुठे अडकला तर तिथे कड दुखावलेली आहे. माझ्या पहिल्या रायफलीत नेमकं हेच होतं. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो. तिथे एका बाजूने वायू आधी निसटला की गोळी तिरकी झालीच. हा दोष दुरुस्त होतो, पण परवानाधारक कारागिराकडूनच. नळी कापून आखूड करायला कायद्याने वेगळी परवानगी लागते, तेव्हा ओळखीच्या लेथवाल्याकडे जाण्याचा विचारही नको.

पॉइंट टू-टू ही रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर पिन आपटते. रिकाम्या चेंबरवर वर्षानुवर्षं चाप ओढला असेल तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खाच पडते आणि रिकामं टरफल निघता निघत नाही. बॅटरी टाकून ती कड बघा. डमी काडतूस घालून बोल्ट जरा जोरात बंद करा. घोडा आपोआप पडला तर चाप बिघडलेला आहे, तिथून पुढे बोलणी नकोत. कुंद्याचं लाकूड मानेजवळ आणि स्क्रूंच्या भोवती बघा, बारीक भेग तिथेच सुरू होते. शेवटी खांद्याला लावा. पाच मिनिटं धरून मान वळवावी लागत असेल, गाल उचलावा लागत असेल, तर ती रायफल दुसऱ्या कुणाच्या अंगाची आहे. मुलासाठी घेताना ते वाढेल या हिशेबाने मोठा कुंदा घेऊ नका. शाळेच्या गणवेशाला ती युक्ती चालते, इथे त्याने खांदा चुकीचा बसतो आणि पुढे दोन वर्षं ती सवय मोडण्यात जातात. डावखुऱ्यांना उजवा बोल्ट फार सतावतो. त्यांनी डाव्या बोल्टची वाट बघावी.

साइट वेगळी मोजा. जुन्या रायफली कित्येकदा डायॉप्टरशिवायच, म्हणजे बारीक भोकातून बघायच्या मागच्या साइटशिवायच विकतात आणि चांगली डायॉप्टर स्वतंत्र घ्यायला गेलं की स्वस्ताई संपते. यंत्रणेच्या माथ्यावर ११ मिलिमीटरची खाच आहे का ते बघा, नाहीतर साइट बसवायची सोयही नाही.

आता खरी परीक्षा, आणि यासाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवा. मालकाच्या परवान्यावर, मालकाच्या उपस्थितीत, रेंजवर, ५० मीटरला. तीन-चार प्रकारची स्टँडर्ड वेगाची काडतुसं प्रत्येकी पन्नास जमवा. हाय व्हेलॉसिटी नको. तिची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते, वाटेत त्या वेगाखाली येताना डगमगते. स्टँडर्ड गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने, म्हणजे आवाजाच्या किंचित खालून जाते. प्रत्येक प्रकार बदलल्यावर पहिल्या दहा गोळ्या मोजू नका, नळीला गोळीवरच्या नव्या मेणाची सवय होऊ द्या. मग वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप घ्या, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छिद्रांचे दोन पुंजके. पाचाचा ग्रुप फसवतो, दहाचा सहसा फसवत नाही.

मोजायचं असं. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळी ५.६ ची. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचं केंद्र १६ मिलिमीटरच्या वर्तुळात पडलं की दहा. ग्रुपमधल्या दोन सर्वांत दूरच्या छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून ५.६ वजा करा. दहाही गोळ्यांत हा आकडा १६ च्या खाली, बारा-तेरापर्यंत राहिला, तर पूर्ण गुणांमध्ये ती रायफल तुम्हाला दहाखाली ओढणार नाही, मग तिच्यावर कुठल्याही कंपनीचं नाव असो. पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्नीलचे ६०० पैकी ५९० झाले होते. ते हरवलेले दहा गुणसुद्धा नळीचे नसतात, माणसाचे असतात. एका काडतुसावर तेरा आणि दुसऱ्यावर पंचवीस येणं हे नेहमीचंच, त्यात रायफलीचा दोष नाही. ज्याच्यावर तेरा आले त्या डब्याचा लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक, वहीत लिहून ठेवा.

सौदा ठरला की विक्रीची पावती, रायफलचा क्रमांक, दोन्ही परवान्यांच्या नोंदी त्याच दिवशी ताडून बघा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर दुरुस्तीत महिने जातात. घरी भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट रायफल येण्याआधी तयार हवं. रायफल त्यात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तिसरीकडे. पेटीच्या स्पंजात कायमची ठेवू नका, कपाटात उभी ठेवून तळाशी सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला त्या बदला. साफ करताना एकसंध गज मागच्या बाजूने घाला, तोंडाकडून कधीच नाही. नाहीतर जी कड कापसाच्या काडीने तपासून घेतली ती तुम्हीच खराब कराल. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. खेळाडू म्हणून सूट हवी असेल तर अर्जाचा नमुना आणि स्पर्धांचं वेळापत्रक फाइलच्या पुढच्या कप्प्यात तयारच ठेवा.

आणि रायफल घरी पोचली त्याच आठवड्यात, वहीतला तो लॉट नंबर घेऊन दुकानात जा आणि परवान्याची मर्यादा आणि खिसा दोन्ही जेवढं परवानगी देतील तेवढे डबे त्याच लॉटचे उचला. पुढच्या महिन्यात गेलात तर डबा तोच दिसेल, नंबर वेगळा असेल.