शंभर मीटरमध्ये करिअर होतं का? साताऱ्यातल्या नवीन पोरापोरींसाठी

परवा शाहू स्टेडियमवर दहावीतल्या एका पोरीनं विचारलं, ताई, शंभर मीटरमध्ये करिअर होतं का. उभ्या उभ्या सांगून होईना म्हणून सविस्तर लिहितेय.

मी नऊ वर्षं 100 आणि 200 मीटर पळले, राज्य स्पर्धेत गोल्ड घेतलं, आणि चोविसाव्या वर्षी ब्लॉकमधून (स्टार्टला पाय टेकवायच्या पट्ट्या) उठताना हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, गेली. बरी झाली पण पूर्वीचं टायमिंग काही परत आलं नाही. बोल्टचंसुद्धा तेच झालं बघा, 100 मीटरला 9.58 सेकंदांचा विश्वविक्रम करणारा माणूस, 2017 ला लंडनला शेवटच्या रिलेत मांडी धरून खाली बसला. स्प्रिंटरचं पळणं तिशीच्या आसपास संपतं, आपल्याकडं तर त्याच्याही आधी, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात असू दे.

आपल्याकडं पळायचं म्हटलं की लोक थेट यवतेश्वरचा घाट दाखवतात. लांब पल्ल्याला तो भारीच आहे, आणि मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यांवरून पळायची लांब शर्यत) फायनलला पोचल्यापासून तर सगळ्यांना तेच खुणावतं. पण स्प्रिंटरनं रोज घाट चढून पाय जड करू नयेत. 30 मीटरचे स्टार्ट मारा, दोन स्टार्टच्या मध्ये चार-पाच मिनिटं पूर्ण दम घ्या, नुसतं बसून राहिलं की पालकांना वाटतं पोरगी टाइमपास करतेय, तर त्यांनाही हे समजावून सांगा. आणि फॉल्स स्टार्टला 2010 पासून माफी नाही, एकदा हललात की बाहेर, त्यामुळं गन ऐकायची प्रॅक्टिस वेगळी करा.

आता कागदपत्रं, इथं मी सगळ्यात जास्त चुकले. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे पण सर्टिफिकेटची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते, आणि कुठल्या स्पर्धेतलं मेडल कुठल्या पदाला चालतं हे ठरलेलं असतं. माझी दोन मेडलं ज्या स्पर्धांची होती त्या धरल्याच गेल्या नाहीत, हे मला पळणं थांबल्यावर कळलं, लय रडले तेव्हा. म्हणून एंट्री भरायच्या आधीच जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा. डिग्री सोडू नका, बी.पी.एड. किंवा पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा कोर्स केला तर कोचिंगचा रस्ता उघडतो. पी. टी. उषानं 1984 च्या ऑलिंपिकला सेकंदाच्या एका शतांशानं ब्रॉन्झ घालवलं, आणि 2002 ला स्वतःची शाळा काढून पोरी घडवायला घेतल्या, मला पळणं सुटलं तेव्हा त्या शाळेचा फार आधार वाटला.

मी आता भरतीच्या पोरांना शिकवते. पोलीस भरतीत 100 मीटरला 15 मार्क असतात, पोरांना पूर्ण मार्कासाठी 11.50 सेकंद लागतं, आणि सगळी पोरं 1600 मीटरच्याच मागं असल्यामुळं स्टार्ट कसा घ्यायचा हे कुणी शिकवतच नाही. तिथं आपली नऊ वर्षं कामाला येतात. एखाद्या पोराचं टायमिंग 12.4 वरून खाली आलं की मला स्वतः पळाल्यासारखं होतं, खरंच.

त्या पोरीला सांगितलंय, सोमवारी येताना स्पायक्स (खिळ्यांचे बूट) आण आणि सर्टिफिकेटची फाईलपण आण, आधी फाईल बघू मग स्टार्ट.