पश्चिम आफ्रिकेचे मुखवटे : कसे पाहावेत आणि शाळेत कसे मांडावेत

भाद्रपदात महालक्ष्म्या बसवणाऱ्या मराठवाड्यातील घरांना ठाऊक असते की, डब्यातून काढलेला पितळी मुखवटा म्हणजे महालक्ष्मी नव्हे. कोथळीवर तो बसवून, साडी नेसवून, आवाहन झाल्यावरच तिला देवीपण येते. पश्चिम आफ्रिकेच्या मुखवट्यांकडेही याच नजरेने पाहावे. संग्रहालयाच्या भिंतीवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर दिसते ते कोरीव लाकूड असते. त्याखालचा पोशाख, नाचणारा माणूस, ढोल आणि निमित्त हे सगळे तिथे गळून पडलेले असते.

चित्र हाती आले की प्रथम तो मुखवटा अंगावर कुठे बसतो ते शोधावे. काही चेहऱ्यावर बांधतात, काही शिरस्त्राणासारखे सगळे डोके झाकतात, तर काही डोक्यावर उभे राहतात. कडेने ओळीने भोके असतील, तर तिथे तंतूंची झालर किंवा कापड बांधले जात होते असे समजावे. त्यानंतर तो कोणत्या समाजाचा आहे, हे पाहावे. केवळ ‘आफ्रिकन मुखवटा’ असे लिहिणे म्हणजे पैठणी आणि कांजीवरम दोन्हींना ‘भारतीय कापड’ म्हणून मोकळे होणे होय.

मालीतील बामाना शेतकऱ्यांचा चिवारा मराठवाड्यातील मुलांना सर्वांत जवळचा वाटेल, असे मला वाटते. माणसाला शेती शिकवणारा आद्य जीव म्हणून तो मानला जातो. हरणासारख्या या आकृतीचे लाकूड बहुधा लोहार समाजाचा कारागीर वाकसाने तासतो आणि ती वेताच्या टोपीवर बसवून डोक्यावर बांधतात, म्हणजे चेहरा तिने झाकला जात नाही. सेगू भागातील उभ्या घडणीत नराची आयाळ जाळीदार नक्षीची असते, तर मादीच्या पाठीवर पिल्लू असते. ही जोडी एकत्रच नाचते. दोन्ही नर्तक पुरुष असतात, अंगावर काळ्या तंतूंचा पोशाख घालतात आणि हातातल्या आखूड काठ्यांवर वाकून हरणासारखी चाल करतात. चांगली मेहनत करणाऱ्या तरुण शेतकऱ्यांचा मान राखणे हाही या नृत्याचा हेतू असतो.

निमित्त कळल्याशिवाय अर्थ लावू नये. मालीतच बांदियागाराच्या कड्यालगत राहणाऱ्या डोगोन लोकांचा दुहेरी आडव्या पट्ट्यांचा कानागा हा दामा या विधीत, म्हणजे शोककाळ संपवून मृताच्या आत्म्याला पूर्वजांकडे पोचवताना नाचवला जातो. नर्तक कंबरेतून झोकून त्याचे टोक जमिनीला टेकवतो. नायजेरिया आणि बेनिनमधील योरुबा समाजाचा गेलेदे हा मुखवटा-नृत्याचा विधी स्त्रियांच्या, विशेषतः वृद्ध मातांच्या शक्तीला मान देण्यासाठी असतो, तरी त्यातले मुखवटे घालतात पुरुष. सुगीनंतर तसेच दुष्काळात किंवा साथ आली असता गेलेदे करतात, ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. युनेस्कोच्या मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2008 मध्ये त्याची नोंद झाली आहे.

मेंदे समाजाचा सोवेई हा मात्र अपवाद आहे. सिएरा लिओनमधील सांदे या स्त्रियांच्या संघटनेत तो स्त्रियाच घालतात, जरी त्याचे कोरीवकाम पुरुष करतात. उंच कपाळ, खाली झुकलेले डोळे, मिटलेले छोटे ओठ, गळ्याच्या वळ्या आणि बारकाईने गुंफलेली केशरचना यांतून वयात येणाऱ्या मुलीपुढे सौंदर्य आणि संयमाचा आदर्श ठेवला जातो. त्याच्या काळ्या तुकतुकीत रंगाकडे भीतीचे चिन्ह म्हणून पाहणे ही ढोबळ चूक ठरेल.

शाळेत प्रतिकृती करायची असेल, तर अंत्यविधीचे किंवा दीक्षेचे मुखवटे निवडू नयेत, चिवारा घ्यावा. कागदाच्या लगद्याची आकृती जुन्या टोपलीवर किंवा पुठ्ठ्याच्या टोपीवर बसवावी, शिंगांना आतून बांबूची कामटी द्यावी आणि काळ्या रंगात बुडवलेला अंबाडीचा वाख किंवा सुतळी नर्तकाच्या खांद्यापासून पायापर्यंत सोडावी. एकच आकृती करून थांबू नये, नर-मादीची जोडी करावी. समोर लावायच्या चिठ्ठीवर समाज, देश आणि निमित्त ही तीन नावे लिहावीत, आणि वस्तू प्रतिकृती आहे हेही त्याच चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे.