वीस अक्षरांचा मंत्र: जुन्या जपानी गेम्सच्या सोबतीनं जपानी शिकताना

माझ्या वहीच्या एका पानावर हिरागानाची, म्हणजे जपानीच्या साध्या उच्चारलिपीची, वीस अक्षरं आहेत. पाच, सात, पाच, तीन अशी मांडलेली. खाली तारीख, आणि सगळ्यावर लाल पेनाची काट. त्यात एका जागी 'नु' ऐवजी मी 'मे' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती अक्षरं टीव्हीवरच्या गेममध्ये भरली आणि उत्तर आलं, 'जुमोन गा चिगाइमास', मंत्र चुकलाय. आदल्या रात्रीचे तीन तास गेले. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन४ पातळी (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) मी तेव्हा पास झालेली होते आणि हिरागाना आपल्याला पक्की येते असं मनोमन धरून चालले होते.

पुण्यात जपानी शिकणारे खूप. संध्याकाळचा क्लास, जुलै नाहीतर डिसेंबरची परीक्षा, मग एखाद्या कंपनीत भाषांतराचं काम, हा रस्ता पुष्कळांचा आणि माझाही. या परीक्षेत बोलायचं नसतं, हातानं लिहायचंही नसतं. चारातला बरोबर पर्याय ओळखता आला की भागतं. त्यामुळे एन४ नंतर माझ्यासारखे बरेच जण एका जागी अडकतात. व्याकरण ओळखीचं वाटतं, पण सलग चार ओळी वाचायला बसलं की घाम फुटतो. गेल्या दीड वर्षात मला तिथून बाहेर काढलं ते जुन्या जपानी गेम्सनी. नव्यानं शिकायला लागलेल्यांनी मला विचारलं तर मी आधी हेच सांगते, आणि सोबत क्रमही सांगते, कारण सगळा खेळ क्रमाचा आहे. यंत्रात खोचायच्या कार्ट्रिजमध्ये जागा कमी होती तेव्हाचे गेम आधी घ्या. जागा वाढत गेली तशी त्यातली भाषा वाढत गेली, आणि आपलीही त्याच चालीनं वाढते.

सुरुवात 'ड्रॅगन क्वेस्ट'पासून. १९८६ च्या मे महिन्यात फामिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, आलेला हा पहिला भाग. रचना युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामा यांचं. नकाशा, राक्षस, संगीत आणि सगळे संवाद मिळून ६४ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोत असे कितीतरी गेम मावतील. कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थवाही अक्षरांना, जागाच नव्हती, कटाकाना या दुसऱ्या उच्चारलिपीचीसुद्धा मोजकीच अक्षरं भरली होती, आणि राक्षसांची नि मंत्रांची नावं त्या अक्षरांत बसतील अशी बेतलेली. म्हणून वाक्यं आखूड आहेत, आणि कांजी नसल्यामुळे शब्द सुटे सुटे लिहिलेले. छापील जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ही सोय फार मोलाची आहे.

या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवायची व्यवस्था नाही. राजाकडे जायचं, तो वीस अक्षरांचा 'फुक्कात्सु नो जुमोन' म्हणजे पुनरुज्जीवनाचा मंत्र देतो, तो उतरवून घ्यायचा. तुमचं नाव, सोनं, अनुभव, हत्यारं, सगळं त्या अक्षरांत गुंडाळलेलं असतं. मांडणी पाच-सात-पाच-तीन, म्हणजे हायकूला शेपूट जोडल्यासारखी. जपानी कवी बाशोची जुन्या तळ्यातल्या बेडकाची हायकू घालून शेवटी 'बाशिया' ही तीन अक्षरं जोडली तर तो खराच चालणारा मंत्र निघतो, हे जपानी खेळाडूंनी शोधून काढलं. मी तो भरून पाहिला. खेळ सुरू झाला तेव्हा अंगावर काटा आला.

सांगायचं हे की रोज रात्री वीस अक्षरं उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी परत भरायची. एकही चूक माफ नाही. 'नु' आणि 'मे', 'रु' आणि 'रो', 'वा', 'ने' आणि 'रे', 'हा'वर दोन टिंबं आहेत की नाहीत. महिन्याभरात माझं अक्षर सुधारलं आणि वाचनाचा वेगही. वर्गात तक्ते गिरवून हे झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट आज्ञांची यादी. 'हानासु' बोलणं, 'शिराबेरु' तपासणं, 'तोरु' घेणं, 'तोबिरा' दार, 'काइदान' जिना. जिना चढायचा तरी यादीतून जिना निवडावा लागतो. नायकाचं तोंड कायम आपल्याकडे असल्यामुळे बोलायचं म्हटलं की खेळ विचारतो, कुठल्या दिशेला? किता, मिनामी, निशी, हिगाशी. या चार दिशा मी पाठ केलेल्या होत्या, पण प्रश्न ऐकला की आधी मनात मराठीत दिशा शोधत असे. आता नाही शोधत.

लढाईच्या ओळींकडे मात्र नीट लक्ष द्या. 'सुराइमु गा आरावारेता', स्लाइम अवतरला. मग 'सुराइमु नि' इतक्या पॉइंटचं नुकसान केलं, शेवटी 'सुराइमु ओ ताओशिता', स्लाइमला लोळवलं. गा, नि, ओ. तीनही प्रत्यय एकाच शब्दाला, डोळ्यांसमोर, दिवसातून शंभर वेळा. 'वा' आणि 'गा' मधला फरक समजावताना आमच्या सेन्सेईंनी फळा भरून टाकला होता. मला तो समजला तो इथे: जे आत्ता नव्यानं समोर आलं त्याला 'गा'.

आणि एक वाक्य ज्यासाठी मी या गेमची कायम ऋणी राहीन. नायक मेला की राजासमोर उभा राहतो आणि राजा ओरडतो, 'शिन्दे शिमाउ तो वा नानिगोतो दा!' पुस्तकात 'तो वा' हे वरच्या पातळीचं व्याकरण, फार पुढे येतं. मी सोफ्यावर बसून ते मोठ्यानं वाचलं आणि तोंडातून आपोआप मराठी निघालं, 'मरून जातोस म्हणजे काय!' तुकड्याला तुकडा जुळतो. 'शिन्दे' मरून, 'शिमाउ' जाणं, 'तो वा' म्हणजे, 'नानिगोतो' काय. वर्गात आम्ही जपानीचं इंग्रजी करत होतो आणि इंग्रजीत हे वाक्य विस्कटून पुन्हा बांधावं लागतं. त्या रात्रीपासून मी इंग्रजी मधे आणणं सोडलं. 'शिते मिरु' म्हणजे करून बघणं, 'शिते ओकु' करून ठेवणं, 'मोत्ते इकु' घेऊन जाणं, 'मोत्ते कुरु' घेऊन येणं. 'मिरु' म्हणजे बघणंच, 'ओकु' म्हणजे ठेवणंच. ही जोडक्रियापदं आपण लहानपणापासून बोलतोय. मराठी मुलांना हा फायदा जन्मतः मिळालाय आणि वर्गात तो कुणी सांगत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. एकच सावधगिरी: 'शिते आगेरु' हे करून देणं असलं तरी वरिष्ठांना तसं म्हटलं तर उपकार केल्यासारखं लागतं.

अडखळायचं ते कांजी नसल्यामुळे. गावातला एक माणूस 'हाशी'बद्दल इशारा देतो आणि मी बराच वेळ जेवायच्या काड्या शोधत होते. हाशी म्हणजे काड्या, हाशी म्हणजे पूल, हाशी म्हणजे कडा. पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस जास्त ताकदीचे असतात, हे पूल ओलांडून मार खाल्ल्यावर उमगलं. कांजी लोकांना ओझं वाटते. ती नसली की काय होतं हे एकदा अनुभवावं, मग तिच्याशी मैत्री लवकर होते.

याच होरींचा आणखी जुना गेम आहे, 'पोर्टोपिया रेन्झोकु सात्सुजिन जिकेन', कोबे शहरातल्या खुनांचा तपास. १९८३ मध्ये संगणकावर आला, १९८५ मध्ये फामिकॉमवर. तुम्ही पोलीस अधिकारी असता आणि हाताखालच्या माणसाला हुकूम सोडता: 'ताताके', ठोक. 'देन्वा काकेरो', फोन लाव. 'ताइहो शिरो', अटक कर. आज्ञार्थाची रूपं पक्की करायला यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. पण त्याचीच किंमत मी मोजली. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात ऑनलाइन मीटिंग चालू होती. जपानहून बोलणाऱ्या, माझ्या वडिलांच्या वयाच्या इंजिनिअरना मला ड्रॉइंग दाखवायची विनंती करायची होती, आणि तोंडातून निघालं, 'झुमेन ओ मिसेरो'. म्हणजे 'दाखव ते ड्रॉइंग'. दोन-तीन सेकंद कुणी बोललं नाही. मी लगेच 'मिसेते कुदासाइ' म्हणून माफी मागितली, त्यांनी ती मोठ्या मनानं घेतली, पण ती शांतता अजून कानात आहे. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक वाक्यापुढे एक रकाना असतो: कोण कुणाला म्हणतंय. राजा, म्हातारा, दुकानदार, पोलीस. जपानी कथांमध्ये पात्रानुसार बोलण्याची ठरावीक ढब असते, तिला 'याकुवारिगो' म्हणतात. 'वाशी' म्हणणारा म्हातारा गोष्टीत शोभतो, ऑफिसात तसं कुणी बोलत नाही. हा रकाना पहिल्या दिवसापासून आखा.

दुसरा टप्पा 'मदर २'. सुपर फामिकॉम, १९९४, २४ मेगाबिटचं म्हणजे ३ मेगाबाइटचं कार्ट्रिज. लेखन शिगेसातो इतोइ यांचं, आणि ते मुळात जाहिरातींचे शब्द लिहिणारे. यातही कांजी नाही, पण भाषा राजेशाही नाही, रोजची आहे. बायका, पोरं, हॉटेलातली माणसं बोलतात तशी. वाक्यं लांब, अर्ध्यावर सोडलेली, शेवटी 'ने' नि 'यो' जोडलेली. मला हा टप्पा पहिल्यापेक्षा अवघड गेला आणि जास्त आवडला.

सुरुवातीलाच गेम तुमचा आवडता पदार्थ विचारतो. मी कटाकानात 'पितोरा' लिहिलं, पिठल्याच्या जितकं जवळ जाता आलं तितकं. मग विसरून गेले. खूप पुढे, दमून-भागून नायक घरी परततो तेव्हा आई तोच पदार्थ खाऊ घालते. स्क्रीनवर अक्षरं उमटली, पितोरा. मी तेव्हा भाड्याच्या खोलीवर एकटी राहत होते. लांबच्या प्रवासात या मुलाला घराची आठवण येऊन तो लढता लढता थबकतो, आणि उपाय एकच, आईला फोन करायचा. बाबाही फोनवरच भेटतात, खेळ साठवायचा तोही त्यांना फोन करून. आई-मुलाचं फोनवरचं जपानी मी इतक्या वेळा वाचलं की परीक्षेतले फोनचे संवाद त्यानंतर परके वाटले नाहीत.

यंत्राबद्दल थोडक्यात. मूळ फामिकॉमच्या मागे लागू नका. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची, आणि चित्र अँटेनाच्या वायरीतून येतं. ऑनसाइटहून परतणाऱ्या सीनियरनं मला जुनी कार्ट्रिजं आणून दिली, एकावर कुणा मुलानं मार्करनं स्वतःचं नाव घातलेलं. ती मी एचडीएमआय असलेल्या नव्या यंत्रावर लावते. 'मदर २' निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सभासदत्वातल्या जपानी यादीत मिळतो. विकत घेताना जपानी आवृत्तीच आहे ना, हे बघा.

कांजीची भीती घालवायला 'कामाइताची नो योरु' हा १९९४ चा साउंड नॉव्हेल, म्हणजे आवाजांसोबत वाचत खेळायची कादंबरी, घेतला. बर्फात अडकलेलं लॉज, माणसांच्या निळ्या आकृत्या, आणि सगळ्या स्क्रीनभर मजकूर. लिहिणारे रहस्यकथाकार ताकेमारू अबिको. एन३ च्या आधी याला हात लावू नका. मी घाई केली आणि दोनदा सोडून दिला.

सध्या चालू आहे 'बोकु नो नात्सुयासुमी'. मूळ २००० सालचा, प्लेस्टेशनवरचा. माझ्याकडे पीएसपीची, म्हणजे हातात धरायच्या प्लेस्टेशनची, आवृत्ती आहे, कारण त्या यंत्रावर कुठल्याही देशाचा गेम चालतो. अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघालेलीच नाही, तेव्हा पळवाट नाही. साल १९७५. आईला बाळ व्हायचंय म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला ऑगस्टभर खेडेगावात नातेवाइकांकडे धाडलंय. ओजिसान आणि ओबासान. मराठी माणसाला लगेच प्रश्न पडतो, हे मामा-मामी की काका-काकू? बोलण्यातला 'ओजिसान' ते सांगत नाही. मी त्यांना मामा-मामी ठरवून टाकलंय, सुट्टी आहे म्हटल्यावर दुसरं कोण असणार.

या गेममध्ये माणसं तोंडानं बोलतात, आणि परीक्षेच्या रेकॉर्डिंगसारखी सावकाश बोलत नाहीत. जेवताना बोलतात, लांबून हाक मारतात. एकेक संवाद मी आधी मजकूर न बघता ऐकते. कळलं तेवढं लिहिते, मग पडताळते. किड्यांची नावं, सकाळचा रेडिओवरचा व्यायाम, मुलांनी भुंग्यांच्या लावलेल्या कुस्त्या. रात्री मुलगा चित्रांची डायरी लिहितो, खडूनं रंगवल्यासारखं चित्र आणि खाली दोन ओळी. त्या बघून मीही दिवसाच्या दोन ओळी जपानीत लिहायला लागले. डिसेंबरला एन२ आहे आणि त्यात लेखन नाही, तरी लिहिते.

रोज एकच दिवस खेळायचा असा नेम केलाय. काल २७ ऑगस्ट झाला. उन्हं उतरल्यावर हिगुराशी नावाचे किडे काना-काना-काना ओरडायला लागले आणि मामीनं आतून जेवायला हाक मारली. शब्द न् शब्द कळला. अजून चार दिवस राहिलेत.