सोलापुरातून यूटीव्ही रेसिंग: गाडी सगळ्यात शेवटी घ्या

शेजारीशेजारी दोन सीट, डोक्यावर लोखंडी पिंजरा, कारसारखं स्टिअरिंग आणि खड्डा गिळून टाकणारं सस्पेन्शन, ही झाली यूटीव्ही. पोलारिसची आरझेडआर किंवा कॅन-अ‍ॅमची मॅव्हरिक व्हिडिओत पाहिली की आधी तोंडातून निघतं, "केवढ्याला?" तो प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आपल्याकडे या गाड्यांना रोडचं पासिंग होत नाही. विजापूर रोडवर चक्कर मारून दाखवायची हौस विसरायची. ती ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर जाणार, आणि ट्रेलर ओढायला आणखी एक दणकट गाडी लागणार.

म्हणून आधी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसा, नेव्हिगेटर म्हणून, म्हणजे वाट सांगणारा. रॅलीत त्याच्या हातात रोडबुक असतं: किती किलोमीटरवर कुठे वळायचं याची बाणांची चित्रं, आणि धोक्याच्या जागी उद्गारचिन्हं. तीन उद्गारचिन्हं दिसली की जीव सांभाळा. हा सराव फुकटात होतो. मित्राला तुळजापूरच्या बाजूच्या गाडीवाटांचं रोडबुक बनवायला सांगा आणि साध्या जीपमधून ते वाचत जा. माझी एक ओळ सुटली आणि आम्ही थेट कुणाच्या तरी उसात. मालक कोयता घेऊनच बांधावर आला. ऊस तोडत होता, पण आम्हाला काय माहीत!

मग लायसन्स. देशातली मोटरस्पोर्ट एफएमएससीआय या महासंघाच्या छत्राखाली चालते. स्पर्धेचं लायसन्स तिथूनच मिळतं, आणि ते नेव्हिगेटरलाही लागतं.

हेल्मेट बाइकचं चालवून घेऊ नका. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या स्टिकरवर 'एम' म्हणजे मोटरसायकल, 'एसए' म्हणजे कार रेसिंग. 'एसए'वाल्याचं अस्तर आगीला दाद देत नाही. पट्टे घट्ट, खिडकीला जाळी. गाडी उलटायला लागली की हात आपोआप आधाराला बाहेर जातो, आणि नेमका तोच पिंजऱ्याखाली सापडतो. ड्रायव्हरने स्टिअरिंग धरायचं, शेजाऱ्याने समोरची दांडी, आणि उलटून थांबेपर्यंत सोडायचं नाही.

आता बेल्ट. नवखा हमखास इथेच हरतो. बहुतेक यूटीव्हींमध्ये इंजिनची ताकद चाकांकडे रबरी बेल्टवरून जाते. आमच्या स्कूटरवाल्या मिस्त्रींनी कव्हर उघडलं आणि म्हणाले, "अहो, ही तर मोठी अ‍ॅक्टिव्हाच की!" खरंच तसं. चढ, चिखल, गाडी ओढणं, जे हळू करायचं ते 'लो' गिअरमध्येच. 'हाय'मध्ये दामटलं की बेल्ट घसरतो, तापतो. जळक्या रबराचा वास आला की थांबा. तुटला तर क्लचभोवती गुंडाळलेले धागे वेचून काढल्याशिवाय नवा बसवू नका. नवा बेल्टही आधी थोडा हळू चालवून बसू द्यावा लागतो. मेच्या उन्हात सोलापुरात बेल्टला माणसापेक्षा जास्त सावली लागते.

सराव स्वतःच्या पडीक रानात, नाहीतर मालकाला विचारून. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात चुकूनही नाही. तो माळ मोकळा दिसला तरी ते पक्ष्यांचं घर आहे. मुरमाड जमीन उत्तम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि एका सरीनंतर चाकांना अशी चिकटते की गाडी जागीच फिरते. बाभळीचा काटा टायर बघत नाही, त्यामुळे ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप गाडीतच हवा. आणि धूळ! प्रत्येक सरावानंतर एअर फिल्टर काढून बघा. फिल्टरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. बोट मळलं तर धूळ इंजिनात पोचलीय.

एवढं अंगवळणी पडल्यावर जुनी गाडी बघायला जा. विकणारा इंजिनचा आवाज ऐकवेल, तुम्ही बेल्टचं कव्हर उघडायला लावा. आत काळ्या भुकटीचा थर आणि बेल्टच्या कडा चकाकलेल्या दिसल्या तर भाव पाडा. कव्हर उघडायलाच नकार दिला, तर चहा पिऊन परत या.