क्यू-इन-क्यू चालू, पण मोठी पॅकेट गायब

दोन इमारतींमधले व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले आभासी भाग) क्यू-इन-क्यू टनेलने जोडले, म्हणजे फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) आधीच असलेल्या व्हीलॅन टॅगबाहेर आणखी एक टॅग लावून. पिंग (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारी चाचणी) व्यवस्थित, लॉगिनही होत होतं. पण फाइल कॉपी करायला घेतली की अडकायचं. दोन दिवस मी टनेल पोर्टचं कॉन्फिगरेशनच तपासत बसलो, आणि ते बरोबरच होतं. मग पॅकेटचे तुकडे (फ्रॅगमेंट) होऊ न देता पिंगचा आकार वाढवत नेला. १४६८ बाइट जायचे, १४६९ला उत्तर बंद. एरवी १४७२ जातात. चार बाइट कमी, म्हणजे नेमका एका टॅगचा आकार! बाहेरचा टॅग लागला की १४७२च्या पिंगची फ्रेम हेडर आणि दोन्ही टॅग धरून १५२६ बाइटची होते आणि मधला ट्रंक (स्विचना जोडणारा, अनेक व्हीलॅन नेणारा दुवा) १५२२च्या वर घेतच नव्हता. वाटेतल्या प्रत्येक स्विचवर एमटीयू (हेडर वगळून एका फ्रेममधल्या डेटाची कमाल मर्यादा) १५०४ केला (एक रीस्टार्ट करावा लागला, तो रात्री उरकला). १४७२ला पहिलं उत्तर आलं तेव्हा जीव भांड्यात पडला.