मुलांना ख्रिस्ती विश्वासात वाढवताना भीतीपोटी होणाऱ्या या चुका टाळा

माझी लेक सात वर्षांची असताना तिनं शाळेच्या डायरीतला बाईंचा शेरा माझ्यापासून लपवला. कळल्यावर मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "मला नाही सांगितलंस तरी येशू बघतोय हं." त्या वेळी मला ते योग्यच वाटलं. रात्री ती डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपली. एप्रिल महिना, सांगलीचा उकाडा. मी पांघरूण ओढायला गेले तर आतूनच तिनं विचारलं, "तो आत्तापण बघतोय का?"

मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बरीच वर्षं संडे स्कूलला शिकवते आहे. उपासना संपल्यावर कितीतरी आईबाप थांबून बोलतात. त्यांचं ऐकून आणि माझ्या घरात घडलेलं आठवून मला असं वाटतं की आपल्या बहुतेक चुका हयगयीतून होत नाहीत, भीतीतून होतात. पोर हातचं जाईल, वाईट संगतीला लागेल, मंडळीतले लोक काय म्हणतील. शहरात आपली ख्रिस्ती घरं मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे ही भीती जरा जास्तच. ती आपण देवाच्या तोंडून बोलतो आणि मूल देवालाच घाबरायला लागतं.

देवाला पहारेकरी बनवू नका

देव पाहतो हे खरंच आहे. पण पवित्र शास्त्रात देवाला 'पाहणारा' म्हणून हाक कुणी मारली ते बघा. हागारनं. उत्पत्तीच्या १६व्या अध्यायात ही दासी पोटुशी असते, मालकिणीचा जाच सोसवेना म्हणून रानात पळून जाते आणि झऱ्यापाशी बसलेली असताना देवाचा दूत तिला गाठतो. तिच्या लेखी देव पाहतो याचा अर्थ होता, मला विचारणारं कुणीतरी आहे. मी दुसऱ्या रात्री लेकीला ही गोष्ट सांगितली. आधी कबूल केलं की काल मी चुकीचं बोलले, तुला घाबरवायला येशूचं नाव घेतलं. पांघरूण त्याच रात्री उतरलं असं मुळीच नाही, काही आठवडे लागले.

तुमच्याकडून हे आधीच झालं असेल तर एक गोष्ट लगेच करता येते. शिक्षा तुमची आहे हे तुमच्याच तोंडून सांगा. "शेरा लपवलास म्हणून दोन दिवस सायकल नाही. हे मी ठरवलंय." देवाला त्यात ओढायचं नाही. प्रार्थनेला मात्र त्या दिवशीही जवळ घेऊन बसायचं, रोजच्यासारखंच.

छडीचंही इथंच बोलते. छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी, हे नीतिसूत्रे १३:२४ आपल्याकडच्या वडीलमंडळींना तोंडपाठ असतं. इफिसकरांस ६:४ तितकं नसतं. तिथं पौल बापांनाच बजावतो की मुलांना चिरडीस आणू नका. आणि काठी म्हणजे काय हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. आटपाडी-जतकडचे धनगर मेंढरं घेऊन रस्त्यानं निघतात तेव्हा त्यांच्याकडे जरा थांबून बघा. काठी आडवी धरून कळप वाहनांपासून बाजूला घेतात, मागं राहिलेल्याला पुढं काढतात, कुत्रं अंगावर आलं तर तीच काठी उगारतात. कोकरू तर बहुधा खांद्यावर असतं. २३व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मेंढपाळाच्या काठीनं मला धीर येतो. मार खाणारं लेकरू असं म्हणणार नाही.

प्रार्थनेत मुलाची झाडाझडती नको

"हे प्रभू, याला सुबुद्धी दे, रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघतो, आईला उलट बोलतो..." डोळे मिटून, हात जोडून आपण हे म्हणतो आणि मुलगा शेजारीच बसलेला असतो. त्याला सगळं कळतं. ही प्रार्थना देवाला नाही, त्यालाच चाललीय, आणि 'आमेन' होईपर्यंत त्याला उत्तरही देता येत नाही. संडे स्कूलमधल्या मोठ्या मुलांनी मला हे एकदा नाही, अनेकदा सांगितलंय.

मोबाइलचं बोलायचं असेल तर चहा पिताना समोरासमोर बोला. मुलासमोर त्याच्यासाठी मागायचंच असेल तर आधी त्याला विचारा, "आज तुझ्यासाठी काय मागू?" तो 'काही नाही' म्हणाला तर आभार माना आणि थांबा.

घरची प्रार्थना टिकत नाही तेव्हा

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. "ताई, जानेवारीत सुरू करतो, फेब्रुवारीत बंद पडते." कारण बहुतेक वेळा साधं असतं. ती फार लांब असते आणि फार उशिरा असते. रात्री साडेनऊला, पोटभर जेवण झाल्यावर, सहा वर्षांच्या पोरानं अख्खा अध्याय ऐकून वर दहा मिनिटांची प्रार्थना मांडी घालून काढायची. ते पेंगतं, मग आपण ओरडतो, आणि त्याच्या मनात प्रार्थना आणि ओरडा एकत्र चिकटतात.

आमच्या घरी जे टिकलं ते असं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. एका गीताचं एकच कडवं. शुभवर्तमानातली, म्हणजे येशूच्या चरित्रातली, एक गोष्ट. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा, १६च अध्याय आहेत आणि घटना भराभर घडतात. मग प्रत्येकाचं एकेक वाक्य. शेवटी प्रभूची प्रार्थना. जेवणाआधी केली तर पेंगणं नाही. ज्या घरात वडिलांची रात्रपाळी असते तिथं सकाळच्या चहाला करा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

आणि प्रार्थना म्हणजे फक्त ती सात मिनिटं नव्हेत. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे सांगतो की घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोला. आमची वाट म्हणजे सांगली-मिरज रस्ता. मिरज हे दवाखान्यांचं गाव, डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि आजही कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात. नातेवाईक डबे घेऊन फुटपाथवर बसलेले असतात. स्कूटरवर मागं बसलेल्या मुलाला ते दिसतात, तो विचारतो, आपण सांगतो. अॅम्ब्युलन्स गेली की आमच्याकडे एक वाक्य म्हणायची सवय पडली, "प्रभू, आत जो कोणी आहे त्याच्याजवळ राहा." हे मी शिकवलं नव्हतं, मुलानंच सुरू केलं.

न कळणाऱ्या भाषेत विश्वास देऊ नका

इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं हे मोठं दुखणं आहे आणि आपण त्याकडे फारसं बघत नाही. आजी म्हणते 'तारण', 'पातक', 'नीतिमत्त्व'. मूल मान डोलावतं. शेवटी एकदा मी वर्गात विचारलं की तारण म्हणजे काय, तर एक जण म्हणाला, बँकेत सोनं ठेवतात ते. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्यानं तो शब्द तिथंच ऐकला होता.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी त्यावर घालवली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, जे १९१७पासून साताऱ्यात राहिले, येशूची भक्ती अभंगात आणि ओवीत आणली, कारण इथल्या माणसाच्या ओठावर तीच चाल बसते. माझी आजी साताऱ्याची. ती भाकरी थापताना टिळकांची भजनं म्हणायची. मला विश्वास पहिल्यांदा कानावाटे मिळाला तो त्या चुलीपाशी, चर्चच्या बाकावर नाही.

म्हणून मुलाला जी भाषा वाचता येते त्या भाषेत वाचू द्या, इंग्रजी तर इंग्रजी. पण बोलणं घरच्या भाषेत करा आणि कठीण शब्द सोडवून सांगा. तारण म्हणजे बुडणाऱ्याला बाहेर काढणं. कृष्णेकाठच्या मुलाला हे एका वाक्यात कळतं.

प्रश्न विचारला की तोंड बंद करणं

ऑगस्ट २०१९चा पूर. आम्ही विश्रामबागच्या बाजूला राहतो, आमचं घर कोरडं राहिलं. रात्री आम्ही देवाचे आभार मानले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. त्याचा मित्र गावभागातला, त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, सगळी वह्या-पुस्तकं गेली होती. मुलानं विचारलं, "देवानं आपलं वाचवलं, मग त्याचं का नाही? त्यानं काय केलं होतं?"

मी म्हणाले, "देवाची इच्छा. असं विचारू नये." तो गप्प झाला. त्यानंतर किती तरी दिवस त्यानं मला देवाबद्दल काहीच विचारलं नाही, आणि ती शांतता मी आज्ञाधारकपणा समजले.

खरं तर हाच प्रश्न लूकच्या शुभवर्तमानात १३व्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजता काय, असं येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. तिथंही तो 'का' सांगत नाही. आपला मित्र लाजार याच्या कबरेपाशी तर तो रडतो. मला त्या रात्री एवढं म्हणता आलं असतं, "मलाही कळत नाही रे. पण त्यानं काही केलं नव्हतं, हे नक्की. उद्या त्याच्यासाठी वह्या घेऊ." वह्या आम्ही नंतर नेल्या. उत्तर मात्र मी त्याला तीन वर्षांनी दिलं, माफी मागून.

तुमचं मूल असं काही विचारेल तेव्हा घाई करू नका. माहीत नसेल तर तसं सांगा. दोघं मिळून शोधा, पाळकसाहेबांना विचारा. जे मूल विचारतं ते अजून आपल्याशी बोलतंय.

काही लहान पण खोल जाणाऱ्या चुका

दहावीच्या निकालानंतरच्या रविवारी साक्ष देताना, म्हणजे देवानं केलेलं मंडळीसमोर सांगताना, आपण म्हणतो, प्रभूनं माझ्या मुलीला ९४ टक्क्यांचा आशीर्वाद दिला. तिसऱ्या बाकावर ६१ टक्के मिळवलेला मुलगा बसलेला असतो. त्यानं काय समजायचं? आभार माना, आकडा सांगू नका.

शेजाऱ्यांच्या सणांबद्दल घरात तुच्छतेनं बोलू नका. सांगलीत गणपतीत सगळी गल्ली एक असते. प्रसादाचं काय करायचं हे प्रत्येक घर आपापल्या विवेकानं ठरवतं, पण मुलाला ते हसतमुखानं, नम्रपणे सांगता आलं पाहिजे. मग डिसेंबरमध्ये करंज्या-चकल्यांची ताटं त्याच्याच हातून शेजारी पाठवा.

नाताळच्या कार्यक्रमात वचन विसरलेल्या मुलाला घरी जाताना बोलू नका. खरं तर कधीच बोलू नका.

मोठा झालेला मुलगा उपासनेला येत नाही

आधी आपलाच हिशोब तपासा. अकरावी-बारावीत रविवारी सकाळी टेस्ट असते म्हणून दोन वर्षं आपणच त्याला क्लासला पाठवतो. काय आधी आणि काय नंतर, हे त्याला आपल्याकडूनच कळलेलं असतं. काही वेळा कारण विश्वासाचं नसतंच. कुणीतरी केसांवरून, कपड्यांवरून चारचौघांत बोललेलं असतं, किंवा त्याच्या वयाचं तिथं कुणीच उरलेलं नसतं. विचारल्याशिवाय कळत नाही, आणि रडत विचारलं तर तो खरं सांगत नाही. लूकच्या १५व्या अध्यायात घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाची गोष्ट आहे, त्यातला बाप मुलाला ओढून आणत नाही. पण मुलगा दूर असतानाच त्याला दिसतो, म्हणजे त्याची नजर रस्त्यावरच होती.

माझा मुलगा आता उपासनेला येत नाही. गेल्या रविवारी मी निघताना तो चहा पीत बसला होता. 'चल' म्हणायचं मी सोडलंय. दारात चप्पल घालताना विचारलं, "आज काय मागू तुझ्यासाठी?" बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजोबांचा गुडघा." मी तेवढंच मागितलं.